कचऱ्यात बघतो

त्या कॉम्प्युटरला आई सवत म्हणायची. अगदी तोंडावर म्हणायची, आणि सवत उलटून बोलत नाही म्हणून आणखी चिडायची. "दर रविवारी नाश्ता झाला की हे तिच्यापुढे बसणार," असं ती आल्यागेल्याला सांगे. "जेवायला तीन हाका माराव्यात तेव्हा 'आलो' म्हणणार, आणि येणार चौथ्या हाकेला."

हे म्हणजे शिलाई मशीनचे मिस्त्री. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीशी, इकडचीही नाही नि तिकडचीही नाही अशी, टेबलावर ही सवत.

मिस्त्रींना जाऊन अडीच महिने झाले होते आणि आता सवतीनेही अंथरूण धरलं होतं. बटण दाबलं की आतला पंखा किंचाळायचा, खोका तापत जायचा, आणि बरोबर अर्ध्या तासाने पडदा काळा व्हायचा. मग तासभर गार होऊ द्यायची. लेकीने हे तीन वेळा करून पाहिलं आणि चौथ्या वेळी ती उठून नवा लॅपटॉप घेऊन आली. जुन्यातली बाबांची सगळी पत्रं नव्यात न्यायची, एवढंच काम होतं. एवढ्याच कामासाठी तिने आठ दिवसांची रजा वाढवून घेतली होती.

कारण त्या पत्रांत तिची स्वतःची पत्रं होती.

लेक आठ वर्षं परमुलखात होती. एका प्रकाशनात संपादकाचं काम करायची. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातलं नको ते काढायचं. फोनवर बाबांना बोलताच यायचं नाही. "हं, हं, आईला देतो," इथे त्यांचं बोलणं संपायचं. समोरासमोरही काही फार वेगळं नव्हतं. म्हणून ती दर शनिवारी त्यांना ईमेल लिहायची, पानपानभर. नोकरीचं, खोलीचं, शेजारणीचं, भीतीचंसुद्धा. आयुष्यात बाबांशी ती मोकळेपणाने जे काही बोलली होती, ते सगळं त्या पत्रांत होतं. रविवारी उत्तर यायचं, आणि ते नेहमी एकच असायचं.

"पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. आईही ठीक. वेळेवर जेवत जा. बाबा."

बाबांनी या उत्तराचा शिक्का करून घेतलाय, असं ती तिकडे सगळ्यांना हसून सांगे. सहा वर्षांपूर्वी ते प्रकाशन बंद पडलं, ती मुलखात परतली, आणि प्रकाशनाबरोबर तिचा पत्ताही बंद झाला आणि त्या पत्त्यावरून लिहिलेली सगळी पत्रं गेली. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. बाबांकडे आहेत ना, असं म्हणून ती मोकळी झाली होती. आता बाबा नव्हते, आणि ती पत्रं जगात कुठे असतील तर या तापणाऱ्या खोक्यात होती.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाई आली. ही कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिचं हे नाव मिस्त्रींनीच ठेवलेलं. ती त्यांना मिस्त्रीकाका म्हणे. लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी, त्यामुळे अगंतुगं करायचा हक्क तिने लहानपणीच घेऊन टाकला होता.

"काकू, सवतीला न्यायला आलेय," तिने दारातूनच सांगितलं.

"ने बाई. कायमची ने," आई आतून म्हणाली.

डॉक्टरीणबाईने बटण दाबलं, पंख्याची किंकाळी ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "हिचे दिवस भरलेत. हे बघ, काकांचा हा प्रोग्राम जुन्या वळणाचा आहे. हा पत्रं पोस्टातून घरी आणतो आणि पोस्टातली प्रत फाडून टाकतो. म्हणजे जे आहे ते इथेच, दुसरीकडे कुठे चिटोराही नाही. आपण एक-एक पत्र न्यायच्या भानगडीत पडायचं नाही. सगळी पत्रं एका फोल्डरात राहतात, तो फोल्डरच्या फोल्डर उचलायचा आणि नव्यात ठेवायचा. बिऱ्हाड हलवताना कपाटातल्या साड्या मोजत बसतो का आपण? कपाटच उचलतो."

तिने पेनड्राइव्ह खोचला. काही क्षणांत पडद्यावर पाटी आली, की जागा पुरत नाही.

"अरेच्चा, काकांनी एवढं काय भरून ठेवलंय! थांब, दुकानातून मोठी डिस्क आणते. पाच मिनिटं."

ती गेली. लेकीने तेवढ्यात प्रोग्राम उघडला. खरं तर तिला एवढंच बघायचं होतं. इनबॉक्समध्ये गिऱ्हाइकं होती, सुया विकणारे होते, कुठल्या कुठल्या गावच्या बाया होत्या, ज्यांचं मशीन टाका सोडत होतं. त्या यादीत तिने स्वतःचा जुना पत्ता टाकून शोधलं.

एकही पत्र नाही.

पाठवलेल्या पत्रांत बाबांची उत्तरं रांगेने उभी होती, चार-चार वाक्यांची. ज्यांची ती उत्तरं, ती पत्रं नव्हती. लेकीने मनाशी हिशेब लावला तो साधा होता. बाबांनी पत्र वाचलं, उत्तर धाडलं आणि टाकून दिलं. काम झालं की हत्यार जागेवर, अशी त्यांची शिस्तच होती. तिला राग आला नाही. राग यावा इतकं काही तिच्या हातात उरलेलं नव्हतं.

"मिळालं का गं?" आईने विचारलं.

"नाही. बाबांनी माझी पत्रं ठेवलेली नाहीत."

आईने टेबलावरून उगाच फडकं फिरवलं. मग म्हणाली, "गिऱ्हाइकांचे पत्ते तरी ने. त्यांना कळवायला हवं. आणि आधी जरा आवर. नव्या घरी जाताना जुना कचरा नेऊ नये."

लेकीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, हाताला काहीतरी काम हवं होतं. डावीकडे कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. तिने त्यावर टिचकी मारली. चार हजारांवर पत्रं. वरची सगळी जाहिरातींची, गेल्या अडीच महिन्यांत येत राहिलेली आणि प्रोग्रामनेच परस्पर तिथे टाकलेली. खाली काय आहे ते तिने पाहिलं नाही. तिने सगळी निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं. 'कायमची काढू?' असं विचारल्यावर हो म्हटलं. चार हजारांचा आकडा पुसला गेला आणि त्या जागी काहीच उरलं नाही.

लगेच दुसरी पाटी आली. 'फोल्डर आवळून जागा मोकळी करायची का?'

तिचं बोट 'हो'वर गेलं होतं. तेवढ्यात तिला पडद्याच्या खालच्या चौकटीवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. पिवळी पडलेली, बाबांच्या ठसठशीत अक्षरातली. ती रोज तिथेच होती, म्हणून रोज न दिसणारी.

"विचारलं तर नाही म्हणायचं."

लेकीला हसू आलं. उभ्या जन्मात बाबांचं 'का' न विचारता ऐकलं असं एकदाही झालं नव्हतं. आता ऐकून टाकू, असं वाटून तिने 'नाही' दाबलं.

डॉक्टरीणबाई डिस्क घेऊन आली तेव्हा लेक म्हणाली, "आता कदाचित पेनड्राइव्हवरही मावेल. मी कचरा काढला."

डॉक्टरीणबाईचा हात वाटेतच थांबला. "कुठला कचरा?"

"तो डबा. चार हजार जाहिराती होत्या."

"बघितल्यास? चारही हजार?"

लेकीने डब्याच्या रिकाम्या चित्राकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईने डिस्क टेबलावर ठेवली. आई दारात उभी होती. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींनी एकदमच पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिथे दुकानाच्या फळीखाली बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. मिस्त्री त्याला कचरा म्हणत. तुटक्या स्प्रिंगा, झिजलेली शटलं, कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचे स्क्रू, सगळं त्यात. गावोगावची माणसं असला भाग आता कुठेच मिळत नाही म्हणून रडत यायची. मिस्त्री म्हणायचे, "थांबा, कचऱ्यात बघतो." आणि मिळायचा. चाळीस वर्षांत त्या डब्यातून काही बाहेर फेकलं गेलं नव्हतं. नवे भाग फळीवर उघड्यावर असायचे. जे पुन्हा कधीच मिळणार नाही, ते डब्यात जायचं.

"आई गं," लेक म्हणाली.

"मीच म्हणाले तुला आवर म्हणून," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मेलं माझं तोंड."

"थांबा काकू, लगेच सुतक नको," डॉक्टरीणबाई खुर्चीत बसली. तिने फोल्डर शोधला, त्याचं वजन पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अगं, मघाशी जेवढा होता तेवढाच आहे. तसूभरही कमी झालेला नाही. काढल्यावर त्याने काही विचारलं तुला?"

"आवळू का म्हणून विचारलं."

"आणि?"

लेकीने चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईने चिठ्ठी वाचली आणि ती खो-खो हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. "हे मीच सांगितलेलं! काका तणतणत आले होते दुकानात. म्हणे, जागा माझी, घर माझं, हा कोण विचारणारा रिकामं करू का म्हणून! मी म्हटलं, नाही म्हणा काका, विषय संपला. ऐक आता. हा प्रोग्राम काही पुसत नाही. पत्र काढलं की त्याच्या कपाळावर एक छोटा आकडा लिहितो, की हे दाखवू नको. पत्र तिथल्या तिथे असतं. आवळलं की मात्र गेलं, मग ब्रह्मदेव आला तरी नाही. काका जन्मभर नाही म्हणाले, आणि आज तूही म्हणालीस."

"मग दाखव."

"इथे हात लावायचा नाही. आधी नेऊ, मग बघू."

नेणं मात्र सोपं नव्हतं. डिस्क जोडली, फोल्डर उचलला, आणि पडद्यावर आलं: उरलेला वेळ पन्नास मिनिटं. सवत अर्ध्या तासाची धनीण. एकदा मध्येच बंद पडली तर पुन्हा उठेलच याची डॉक्टरीणबाई हमी देईना. तिने खोक्याचा एका बाजूचा पत्रा काढला आणि टेबलफॅन आत वळवला. वीस मिनिटांनी किंकाळीचा सूर चढला.

"तापली," डॉक्टरीणबाई पुटपुटली. "आणखी वारा हवा."

आई दुकानात गेली. शिलाई मशीनच्या जुन्या तक्त्याचा जाड पुठ्ठा घेऊन आली, स्टूल ओढलं, आणि उघड्या खोक्यासमोर बसून सवतीला वारा घालू लागली. पदर खोचून, एका लयीत, तापाने फणफणलेल्या माणसाला घालावा तसा. हात भरून आला की दुसऱ्या हाताने. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अर्धा तास उलटला. सवत चालत राहिली.

"दम धर गं," आई एकदा खोक्याला म्हणाली. "पोचव तेवढं."

पट्टी शेवटाला टेकली. डॉक्टरीणबाईने डिस्क काढून घेतली, आणि तीन-चार श्वास जातात तेवढ्यात पडदा काळा झाला. पंखा हळूहळू थांबला. आईने पुठ्ठा खाली ठेवला आणि पत्र्यावर एकदा तळहात टेकवला. चटका बसला असणार, पण हात लगेच काढला नाही.

नव्या लॅपटॉपवर डॉक्टरीणबाईने फाइल साध्या मजकुरासारखी उघडली. पडद्यावर अक्षरांचा भुसा होता, अर्थ न लागणारा, पानंच्या पानं. "पत्र प्रवासाला निघताना असं बांधून घेतात," ती म्हणाली. "आपण गाठोडी बघायची." मग त्या भुशातून ओळी दिसायला लागल्या. तारीख. शनिवार. आणि लेकीचा पत्ता, जो तिने सहा वर्षांत कुठे पाहिला नव्हता. पुन्हा शनिवार, पुन्हा तोच पत्ता. प्रत्येकाच्या माथ्यावर तो इवलासा आकडा. डॉक्टरीणबाईने लॅपटॉपला सांगितलं, की हा आकडा जिथे जिथे असेल तिथे शून्य ठेव. आणि एक बटण दाबलं.

"शून्य ठेवलं की उठतात," ती म्हणाली. आवाज नकळत खाली आला होता.

प्रोग्राम उघडला. कचऱ्याच्या डब्यापुढे आकडा चढू लागला. शंभर, नऊशे, दोन हजार. लेकीने पत्ता टाकून शोधलं. चारशे अकरा. आठ वर्षांचे सगळे शनिवार, ती घरी आली होती ते पाच शनिवार सोडून. सगळ्यात जुनं पत्र तिने उघडलं. "आई, बाबा, पोचले. खोली लहान आहे पण कुलूप चांगलं आहे." तिला आठवणारही नाही असं एक वाक्य तिच्याकडे बघत होतं, काल लिहिल्यासारखं.

"हे काय?" डॉक्टरीणबाई पुढे वाकली. "ड्राफ्टमध्येही गर्दी झालीये. दोन हजार नऊशे! काका इतकं काय लिहायचे?"

"चार वाक्यं," लेक म्हणाली.

"अगं, ड्राफ्टचंही तसंच असतं. दर वेळी साठवलं की हा जुन्याच्या कपाळावर आकडा लिहितो आणि नवा खाली ठेवतो. जुना जात नाही. मी सगळीकडेच शून्य ठेवलं, तर तेही उठले बघ."

लेकीने यादी पाहिली. एकेका रविवारचे सात-सात, आठ-आठ. तिने एका रविवारचा पहिला उघडला. सकाळी नऊ बारा.

"बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा आईला ऐकू जाईल असं. तुझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही भिंतीकडे उघडते, हे वाचल्यापासून मी त्या भिंतीचाच विचार करतोय. तुझ्या इथल्या खोलीची खिडकी आई रोज सकाळी उघडते, संध्याकाळी लावते. तिला वाटतं मला कळत नाही. परवा ती तिथे बराच वेळ उभी होती. मी दारातून परत फिरलो. शटलमध्ये दोरा अडकतो तसं काहीतरी होतं. दुखत नाही, पण टाका पुढे जात नाही. तुला यावंसं वाटलं तर ये. नोकऱ्या काय, मिळतात."

दुसरा, नऊ सदतीस. शेवटची दोन वाक्यं नव्हती. तिसऱ्यात टाका नव्हता. चौथ्यात आई खिडकीपाशी उभी नव्हती. मग खिडकीही नव्हती. मग भिंत गेली. अकरा पन्नासला "पत्र दोनदा वाचलं" होतं. बारा पाचला फक्त "पत्र मिळालं" उरलं. इकडे सगळं ठीक. आईही ठीक. वेळेवर जेवत जा.

लेकीने पंधरा वर्षं माणसांची वाक्यं कापली होती. कुठली कापणी आळसाची, कुठली भीतीची आणि कुठली जाणत्या हाताची, हे तिला एका नजरेत कळायचं. इथे एकही कापणी चुकीच्या जागी नव्हती. ज्या शब्दाने पोरीचं पाऊल तिकडे डळमळलं असतं, तो प्रत्येक शब्द शोधून, एकेक करून, तिच्या वाटेतून बाजूला केलेला होता. तीन तास. दर रविवारी. आठ वर्षं. ती खुर्चीत बसली होती, तरी तिला उभं राहावंसं वाटलं, देवळात नव्हे, पण कुणी फार मोठं माणूस खोलीत आल्यावर वाटतं तसं.

"एकदा विचारलं होतं मी," आई मागून म्हणाली. "म्हटलं, एवढं काय लिहिता हो? तर म्हणाले, लिहीत नाही गं, घासतोय."

लेकीला ते डोळ्यापुढे दिसलं. कानस एकदा मारायची, भाग मशीनला लावून बघायचा, काढायचा, पुन्हा कानस. कमी घासलं तर अडकतं, जास्त घासलं तर भाग गेला. आणि खाली पडलेला कीस बाबा कागदावर गोळा करून ठेवायचे, तोसुद्धा त्या डब्यात. या किसाचं त्यांना ठाऊक होतं का? चिठ्ठी लिहिताना? डॉक्टरीणबाईला विचारावं म्हणून तिने मान वळवली, पण ती दुकानात कुणी वाट बघतंय असं काहीतरी पुटपुटत केव्हाच दारापर्यंत गेली होती.

"पैसे?" लेकीने विचारलं.

"कचऱ्यात बघीन," असं म्हणून ती गेली.

आईने जुन्या पडद्यावरची चिठ्ठी नखाने अलगद सोडवली. चिकटपट्टी वाळून गेली होती. दुकानातून नवी आणली आणि चिठ्ठी लॅपटॉपच्या कडेला, सरळ ओळीत चिकटवली. मग ती खुर्ची ओढून बसली. या सवतीसमोर किंवा त्या सवतीसमोर ती आजवर कधी बसली नव्हती.

"काय लिहिलंय त्यांनी?"

लेकीने वाचून दाखवलं. खिडकीचं वाक्य तिने जरा सावकाश वाचलं.

आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. अंधाऱ्या वाटेवर आपण इतकी वर्षं एकटेच चाललो असं धरून चालावं, आणि मागे वळून पाहिल्यावर शेजारी दुसऱ्या पावलांचे ठसे दिसावेत, तशी ती बघत होती.

"त्यांना ठाऊक होतं?" ती म्हणाली. "खिडकीचं?"

"हो."

"आणि बोलले नाहीत."

"तूही नाही बोललीस."

"मी कशाला बोलू," आई म्हणाली. मग पदराने पडदा पुसला, जिथे धूळ नव्हती तिथे. लेकीने पुढच्या रविवारवर टिचकी मारली. घाईत तिने तळचा उघडला. पत्र मिळालं, इकडे सगळं ठीक.

"हा नको," आईने तिचा हात धरला. "हा पाठ आहे. पहिला काढ. घासायच्या आधीचा."